परक्या शहरात पायी बाजारहाट: कुठली शॉपिंग ट्रॉली घ्यावी आणि कुठली दुकानातच सोडून यावी

परदेशातल्या मोठ्या शहरात राहायला गेल्यावर पहिली काही वर्षं बहुतेकांकडे गाडी नसते, आणि तिची फारशी गरजही पडत नाही. किराणा, पोस्ट, पार्सल घ्यायची जागा, लाँड्री, दवाखाना, परवान्यांची कचेरी ही सगळी ठिकाणं चालत जाण्यासारखी असतात, नाहीतर चालणं आणि बस-मेट्रोचे दोन-चार थांबे एवढ्यात येतात. अडतं ते ओझ्यापाशी. दोन्ही हातांत पिशव्या, पाठीवर सॅक, एका बोटाला अडकवलेला बाटल्यांचा गठ्ठा आणि त्यातच खिशातला फोन काढून रस्ता बघायचा, हे फार दिवस निभत नाही. मग माणूस सामान घरपोच मागवायला लागतो आणि चालणंच सुटतं. आजूबाजूचा परिसर पायांखालून जायला हवा तेव्हाच घरात बसायची सवय लागते. म्हणून नव्या घरातल्या पहिल्या खरेदीत पलंग-गादीच्या खालोखाल शॉपिंग ट्रॉलीचा नंबर लागावा, असं आमचं ठाम मत आहे.

मात्र ट्रॉली घेताना बहुतेक लोक पिशवीकडे बघतात. रंग, कप्पे, छापलेली फुलं. बघायला हवी ती चाकं आणि ॲक्सल, म्हणजे चाकं ज्यावर फिरतात तो दांडा. पिशवी फाटली तर शिवता येते, बदलता येते, अगदी एखादा घट्ट खोका बांधूनही काम भागतं. ॲक्सलवर चाक डगमगायला लागलं की मात्र ट्रॉली संपली.

बाजारात मुख्यतः चार प्रकार मिळतात. लहान चाकांची हलकी घडीची ट्रॉली, मोठ्या चाकांची दोनचाकी, जिन्यासाठी दोन्ही बाजूंना तीन-तीन चाकांची, आणि चारही बाजूंना वळणाऱ्या चाकांची ढकलायची चारचाकी. यांतली दुसरी, म्हणजे मोठ्या चाकांची साधी दोनचाकी, दहातल्या आठ जणांनी घ्यावी. बाकीच्या तिघींचं काय ते पुढे येईलच.

ट्रॉली हवीच का, हा प्रश्न आधी सोडवू. कागदपत्रं, लॅपटॉप, औषधं, दूध-ब्रेड एवढंच आणायचं असेल तर २०-२५ लिटरची पाठीवरची सॅक पुरते. साधारण ७-८ किलोपर्यंत सॅकच बरी, कारण जिना, सरकता जिना, गर्दी कशाचीच फिकीर नाही. हातातल्या पिशव्यांचे बंद दर हाती ४-५ किलो झाले की बोटांना कापायला लागतात. दहा किलोच्या पुढे, आणि अंतर अर्ध्या किलोमीटरहून जास्त असेल, तर ट्रॉलीला पर्याय नाही. वर-खाली जिने असले तरी.

चाकांपासून सुरुवात

दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर कुठलीही ट्रॉली लोण्यासारखी चालते. त्या फरशीवर परीक्षा घेऊच नये. खरी परीक्षा होते ती फुटपाथवरच्या उचललेल्या फरशीपाशी, ड्रेनेजच्या झाकणाच्या कडेपाशी, दगडी फरसबंदीत, आणि रस्ता ओलांडताना उतार देऊनही दीड-दोन सेंटिमीटर शिल्लक राहिलेल्या कडेपाशी.

या दोन सेंटिमीटरचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. चाकांवर १५ किलो भार आहे आणि तुम्ही सरळ आडवं ओढताय असं धरा. १० सेंमी व्यासाचं चाक ती कड चढायला साधारण २० किलोची ओढ मागतं, १६ सेंमीचं चाक १३ किलोची, आणि २५ सेंमीचं चाक जेमतेम १० किलोची. सामान तेच, कड तीच, आणि हाताला लागणारा जोर निम्म्यावर. दिवसाला अशा पन्नास कडा लागतात, तेव्हा संध्याकाळी खांदा दुखणार की नाही ते चाकाच्या व्यासावर ठरतं. आणि चाकाच्या त्रिज्येपेक्षा उंच कड नुसती आडवी ओढून चढताच येत नाही, ट्रॉली उचलावीच लागते. फुटपाथची पूर्ण कड साधारण १० ते १५ सेंमी असते, त्यामुळे तिथे कुठलीही दोनचाकी थोडी उचलायची हे गृहीतच धरा.

म्हणून पहिला नियम: चाकाचा व्यास १६ सेंमीच्या खाली नको. २० ते २५ असेल तर उत्तम. वेबसाइटवर हा आकडा बऱ्याचदा दिलेलाच नसतो. तसं असेल तर ट्रॉलीची पूर्ण उंची आणि फोटो यांचं प्रमाण पट्टीने मोजून काढा, दोन मिनिटांचं काम आहे.

टायर कशाचा आहे हेही बघा. कडक प्लास्टिकचं चाक सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वाईट. रात्री शांत गल्लीतून ते इतका आवाज करतं की चार इमारतींना कळतं, आणि ओल्या फरशीवर ते लोळण्याऐवजी घसरतं. ईव्हीए फोमचं चाक वजनाला हलकं आणि बऱ्यापैकी मऊ असतं. पण त्याला चिरा पडतात, आणि भरलेली ट्रॉली आठवडाभर एकाच जागी उभी राहिली तर खालचा भाग दबून चपटा होतो. घन रबराचं चाक जड असतं, पण वर्षानुवर्षं काम देतं. रोजच्या वापराला हेच घ्यावं. हवा भरायचं चाक दगडी रस्त्यावर सुखाचं असतं, पण पंक्चर आणि पंप ही नवी जबाबदारी कशाला? आजूबाजूचा सगळाच परिसर दगडी असेल तरच तो विचार करावा. पॉलियुरेथेनची चाकं गुळगुळीत आणि शांत असतात, मात्र दमट जागी न वापरता बरीच वर्षं पडून राहिली तर हवेतल्या ओलाव्याने ती भुसभुशीत होऊन तुकडे पडायला लागतात. जुन्या बुटांचे तळवे कपाटात पडल्या पडल्या सुटतात, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं. वापरलेली ट्रॉली घेताना असं चाक नखाने दाबून बघावं.

ॲक्सल, बुश, कॅप

ट्रॉली उलटी करा. दोन चाकांना जोडणारा एकच आरपार लोखंडी दांडा दिसला तर चांगलं. प्रत्येक चाकाला फ्रेममध्ये खुपसलेला वेगळा आखूड दांडा असेल आणि तो प्लास्टिकच्या खोबणीत बसवलेला असेल, तर ती ट्रॉली खाली ठेवून द्या. खोबणीला तडा गेला की चाकं आत-बाहेर फाकतात आणि ते दुरुस्त होत नाही.

नंतर चाकाच्या मधल्या भोकात काय आहे ते बघायचं. स्वस्त ट्रॉलीत प्लास्टिकचं चाक थेट दांड्यावर फिरतं, मध्ये काहीच नसतं. रस्त्यावरची बारीक वाळू आत जाते, प्लास्टिक घासतं, गोल भोक लांबट होतं आणि चाक तिरकं चालायला लागतं. त्याहून बरं म्हणजे नायलॉनचा बुश, म्हणजे चाक आणि दांडा यांच्यामध्ये बसवलेलं अस्तर. सर्वांत चांगलं म्हणजे सीलबंद बॉल बेअरिंग. ते आहे की नाही हे ओळखायला ट्रॉली हवेत धरून चाकाला बोटाने एक गरका द्या. बेअरिंगचं चाक आवाज न करता सावकाश थांबतं, बिनबुशाचं खरखरत दोन फेऱ्यांत अडतं.

चाक बाहेरून कशाने अडवलंय यावर दुरुस्तीचं भवितव्य ठरतं. दांड्याच्या टोकाला ठोकून बसवलेली दातेरी पत्र्याची कॅप असेल तर ती एकदा काढली की पुन्हा तशी घट्ट बसत नाही, नवीच लागते. पिन आणि वॉशर असेल, किंवा बटण दाबून चाक सुटत असेल, तर चाक घरच्या घरी बदलता येतं. बटणाचा आणखी एक फायदा म्हणजे चाकं काढून ट्रॉली छोट्या कपाटात मावते आणि ओली चाकं बाथरूममध्ये धुता येतात. भाड्याच्या छोट्या घरात याचं मोल आहे.

नवं चाक मागवताना तीन मापं लागतात: दांड्याचा व्यास (बहुधा ८, १० किंवा १२ मिमी), चाकाच्या मधल्या नळीची लांबी आणि चाकाचा बाहेरचा व्यास. यातलं दुसरं माप लोक हमखास विसरतात. नळी जुन्या चाकापेक्षा ५ मिमी लांब असली तर पिन बसत नाही, आखूड असली तर चाक दांड्यावर इकडेतिकडे सरकत राहतं आणि वॉशर भरावे लागतात.

फ्रेम आणि मूठ

ॲल्युमिनियमची रिकामी ट्रॉली साधारण दोन किलोच्या आसपास, लोखंडी तीन-चार किलोपर्यंत. जिना चढणाऱ्याला हा फरक रोज जाणवतो, लिफ्टवाल्याला अजिबात नाही. फ्रेमचं दुखणं हमखास एकाच जागी निघतं: पिशवी जिच्यावर टेकते ती खालची पट्टी आणि उभी नळी यांच्या जोडावर. तिथलं वेल्डिंग नळीभोवती पूर्ण फिरलेलं आहे की नुसते दोन ठिपके दिलेत, ते बोट फिरवून बघा. घडी घालायचा सांधा प्लास्टिकच्या खटक्यावर असेल तर तो खटका थंडीत ठिसूळ होतो. धातूची खीळ बरी.

मुठीची उंची हा सर्वांत दुर्लक्षित आकडा. नेहमीचे बूट घालून सरळ उभं राहा, हात सैल सोडा आणि जमिनीपासून बोटांच्या पेरांपर्यंत मोजा. ट्रॉली उभी असताना तिची मूठ या मापापेक्षा किमान २५ सेंमी वर हवी. त्याहून कमी असेल तर ओढताना ट्रॉली फार उभी राहते, पाऊल मागे गेलं की टाच पिशवीच्या तळाला लागते आणि माणूस नकळत लहान पावलं टाकत, कमरेत वळून चालायला लागतो. उंच माणसांना बाजारातल्या निम्म्या ट्रॉल्या याच कारणाने चालत नाहीत. मूठ खालीवर होणारी असेल तर तिचा खटका पूर्ण लांबीला ताणून, जोरात दोन हिसके देऊन बघा.

मधोमध एकच गोल मूठ असण्यापेक्षा आडवी रुंद दांडी चांगली. हात बदलता येतो, चढावर दोन्ही हात लावता येतात. एकाच हाताने सतत ओढलं की खांदा मागे पिळला जातो, म्हणून दर पाच-सात मिनिटांनी हात बदलायची सवय ठेवावी.

पिशवी

पिशवी ४० ते ५० लिटरची पुरे. मोठी घेतली की ती भरली जाते, आणि भरली की उचलवत नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा ४५ लिटरची पिशवी बाटल्यांनी काठोकाठ भरली तर चाळीस किलोच्या घरात जाईल. लेबलवरची क्षमता दोन प्रकारची असते, फ्रेमची आणि पिशवीची, आणि पिशवीची बहुधा कमी. शिवाय तो आकडा सपाट रस्त्याचा असतो, पायऱ्यांवरच्या धक्क्यांचा नाही. लेबलवर काहीही लिहिलेलं असो, वाटेत जिना असेल तर २० किलोवर थांबावं.

कापडावर ६०० डेनिअर (धाग्याच्या जाडीचं माप) पॉलिएस्टर असं लिहिलेलं असतं ते पुरेसं दणकट असतं. 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं मात्र जसंच्या तसं घेऊ नका. कापडाला आतून लेप असतो, पण शिवणीच्या भोकांतून पाणी शिरतं. पावसाळी शहरात पिशवीच्या आत एक मोठी जाड प्लास्टिकची थैली कायमची अंथरून ठेवावी, काम झालं. दूध सांडलं, मासळीच्या पाकिटातून पाणी गळलं, तरी थैली बाहेर काढून धुता येते.

शिवण कुठे बघायची? पिशवी फ्रेमला ज्या पट्ट्यांनी लटकते त्यांच्या मुळाशी. सगळा भार तिथे असतो आणि फाटते तीही तिथूनच. चौकोनात फुली मारल्यासारखे टाके असतील तर निश्चिंत राहा. एकच सरळ टीप असेल तर घरी आणल्या दिवशीच जाड दोऱ्याने हाताने टाके घालून घ्या. तोंडाला चेनपेक्षा नाडी आणि वर झाकण हे बरं, कारण जास्त भरलेल्या पिशवीवर चेन ओढली की ती दात सोडते. बाहेरच्या मागच्या खिशात पाकीट, चावी किंवा ओळखपत्र कधीही ठेवू नये. ट्रॉली तुमच्या पाठीमागे असते, खिशात कोणाचा हात गेला ते कळतही नाही. तिथे छत्री आणि रिकाम्या पिशव्या ठेवाव्यात. परवान्याच्या कामाला जाताना मूळ कागदपत्रंही ट्रॉलीत नकोत, ती अंगावरच्या सॅकमध्ये, समोर.

भरायची कशी

तरफेचा साधा हिशेब आहे. ॲक्सलपासून मुठीपर्यंत १०० सेंमी आणि सामानाचा भार ॲक्सलपासून ३० सेंमीवर एकवटलेला असेल, तर २० किलोपैकी जास्तीत जास्त ६ किलो हातावर येतात. वजनदार वर आणि हलकं खाली असं भरलं आणि भार ५० सेंमीवर गेला, तर हातावर १० किलो. पिशवी फ्रेमच्या पुढे असल्यामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा कमी येतो, पण प्रमाण हेच.

तेव्हा तळाला बाटल्या, डबे, बटाटे, डिटर्जंट. आडवी नाही, उभी बाटली ठेवा. तळ स्थिर राहतो. मध्ये पाकिटं. वर अंडी, फळं, ब्रेड. डावी-उजवी बाजू सारखी ठेवायला विसरू नका, कारण एका बाजूला झुकलेली ट्रॉली कड ओलांडताना त्याच बाजूला कलंडते. दुकानात वस्तू त्या क्रमाने मिळत नाहीत, ही खरी अडचण. पैसे देण्याच्या पट्ट्यावर जड वस्तू आधी ठेवल्या की त्या पलीकडे आधी येतात आणि थेट तळाला जातात. मागे रांग असताना हे फार उपयोगी पडतं, विशेषतः भाषा अजून नीट येत नसेल आणि गल्ल्यावरचा माणूस घाईत असेल तेव्हा.

मुठीला जादा पिशवी अडकवू नये. ३ किलोची पिशवी मुठीला लटकली की ते तीनच्या तीन किलो हातावर येतात, चाकांचा त्यात काही वाटा नाही. शिवाय उभी केलेली ट्रॉली मागे कोसळते.

जिना आणि तीन चाकांची ट्रॉली

तीन चाकांच्या ट्रॉलीबद्दल मोठा गैरसमज आहे की तिने ओझं हलकं होतं. तेवढंच ओझं तेवढ्याच उंचीवर न्यायचं तर श्रम तेवढेच, चाकं तीन असोत की एक. तिचा फायदा वेगळा आहे: पायरीच्या काठावर चाक अडलं की तीन चाकांचा त्रिकोण एक तृतीयांश फिरतो आणि पुढचं चाक वरच्या पायरीवर टेकतं. त्यामुळे प्रत्येक पायरीला जो हिसका बसतो तो विभागला जातो, अंडी वाचतात, मनगट वाचतं, आणि खालच्या मजल्यावरच्यांची झोपही.

बदल्यात काय द्यावं लागतं तेही बघा. चाकं लहान असतात, कारण तीन मावायला हवीत, आणि सपाट रस्त्यावर लहान चाकांची सगळी दुःखं परत येतात. दोन चाकांऐवजी सहा चाकं आणि दोन फिरते त्रिकोण, म्हणजे झिजायच्या जागा चौपट. दगडी रस्त्यावर त्रिकोण नको तेव्हा फिरतो आणि ट्रॉली उड्या मारते. त्रिकोणाच्या मधला बुश झिजला की पूर्ण चाकाचा संच वाकडा चालतो, आणि तो सुटा मिळणं कठीण. घर लिफ्टशिवाय दुसऱ्या मजल्यावर किंवा त्याहून वर असेल आणि दुकान जवळ असेल, तरच ही घ्यावी. एका मजल्यासाठी मोठ्या चाकांची साधी ट्रॉलीच बरी.

जिन्यावर नियम एकच: माणूस वर, ट्रॉली खाली. चढताना मागे ओढत जा, उतरताना ती पुढे, खालच्या पायरीवर सोडत या, आणि दुसरा हात कठड्यावर. खालच्या बाजूला उभं राहून भरलेली ट्रॉली वर ढकलायला कधीही जाऊ नये. हात सुटला तर ती थेट अंगावर येते. १५ किलोच्या वर असेल तर सरळ दोन खेपा करा, निम्मं सामान हातपिशवीत काढून. म्हणून ट्रॉलीच्या मागच्या खिशात एक घडीची कापडी पिशवी कायम असावी.

चारचाकी कोणासाठी

खांदा किंवा मनगट दुखणारा, किंवा चालताना थोडा आधार लागणारा माणूस असेल तर चारचाकी. भार पूर्ण चाकांवर असतो, हातावर काहीच नाही. पण हिचं कूळ दुकानातल्या ढकलगाडीचं, जी १९३७ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने आणली ती दुकानाच्या फरशीसाठीच. बाहेरच्या रस्त्याचं गणित वेगळं आहे. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून फुटपाथला रस्त्याच्या बाजूला साधारण २ टक्के उतार दिलेला असतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण चारही चाकं वळणारी असली की गाडी सारखी रस्त्याकडे घसरत जाते आणि मनगटाने ती सतत आवरावी लागते. पुढची चाकं एका दिशेला पक्की करायचा खटका असेल तरच चारचाकी बाहेर न्यावी. तो नसेल तर ती इमारतीच्या तळघरातल्या लाँड्रीपुरतीच.

शहरातून नेताना

मेट्रोच्या फाटकातून जाताना ट्रॉली पुढे ढकला, मागे ओढू नका. माणूस गेला की सेन्सरला वाटतं काम झालं आणि झडपा ट्रॉलीवर मिटतात. रुंद फाटक असेल तर तिकडेच जा. ट्रॉलीची रुंदी, चाकांच्या बाहेरच्या टोकापासून टोकापर्यंत, ४५ सेंमीच्या आत असेल तर अरुंद फाटकंही अडवत नाहीत. सरकत्या जिन्यावर भरलेली ट्रॉली नेऊ नये. शेवटच्या दातेरी पट्टीपाशी लहान चाक अडतं, मागची माणसं थांबू शकत नाहीत, आणि घसरली तर ती खालच्या सगळ्यांवर जाते. लिफ्ट शोधायला पाच मिनिटं गेली तरी चालतील. बसमध्ये ट्रॉली प्रवासाच्या दिशेला काटकोनात, पायांमध्ये धरून उभी करायची. प्रवासाच्या दिशेनेच ठेवली तर ब्रेक लागताच चालू पडते.

वाट निवडताना नेहमीचा पायी नकाशा सर्वांत जवळचा रस्ता दाखवतो आणि त्यात अनेकदा पायऱ्या असतात. २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरलेल्या नकाशात पायऱ्या, कडेचे उतार, रस्त्याचा पृष्ठभाग हे सगळं वेगवेगळं नोंदवायची सोय आहे, आणि त्यावर चालणाऱ्या ओपनरूटसर्व्हिसमध्ये चाकाच्या खुर्चीसाठी मार्ग काढता येतो. तोच मार्ग ट्रॉलीलाही लागू पडतो. तुमच्या भागातल्या नोंदी किती भरल्या आहेत यावर उत्तर किती खरं ते अवलंबून, म्हणून घर ते दुकान ही वाट एकदा रिकाम्या ट्रॉलीने चालून बघावी. दोनशे मीटर जास्त पण कडेचे उतार असलेली, सलग फरशीची वाट भरलेल्या ट्रॉलीला नेहमी लवकर पोचवते. रस्ता ओलांडायच्या जागी दृष्टिहीनांसाठी ठिपक्यांच्या फरश्या बसवलेल्या असतात. त्यांचे उंचवटे जेमतेम ५ मिमीचे, पण लहान कडक चाकांना तेवढ्यानेही चांगला खडखडाट होतो. तिथे वेग कमी करा, आणि पांढरी काठी घेतलेलं कोणी येत असेल तर ट्रॉली त्या पट्टीवर उभी करून ठेवू नका.

दुकानात ट्रॉली आत न्यायची की दाराशी ठेवायची हे दुकानागणिक बदलतं. पहिल्यांदा जाताना रिकामी ट्रॉली घेऊन जा आणि आधीच आत असलेल्या गिऱ्हाइकांचं बघा. आत नेली असेल तर घेतलेली वस्तू पैसे देण्याआधी तिच्यात टाकू नका, दुकानाची टोपली वापरा, आणि गल्ल्यावर कोणी सांगायच्या आधी झाकण उघडून दाखवा. नव्या देशात उगीच शंकेला जागा नको. दाराशी ठेवावी लागत असेल तर सायकलचं बारीक केबल लॉक पुरतं.

घरी आल्यावर ट्रॉली इमारतीच्या सामाईक जिन्यात किंवा दाराबाहेर उभी करू नका. आग लागली तर बाहेर पडायची ती वाट असते, आणि बऱ्याच ठिकाणी भाडेकरारातच ती मोकळी ठेवायची अट असते. घडी घालून दारामागच्या हुकाला टांगली की जागा खात नाही. घडीची जाडी घेण्याआधी विचारून ठेवा.

देखभाल थोडीच आहे. महिन्यातून एकदा ॲक्सलभोवती गुंडाळलेले केस आणि दोरे कात्रीने कापून काढा. चाक जड होण्याचं कारण बहुधा तेच असतं. करकर करणाऱ्या प्लास्टिकच्या बुशला सिलिकॉन ग्रीसचा एक टिपका द्या. स्वयंपाकाचं तेल किंवा पातळ मशीन तेल नको, त्याला धूळ चिकटते आणि घासणी पावडरीसारखं काम करते. सीलबंद बेअरिंगला काहीच लागत नाही. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणारं शहर असेल तर चाकं आणि दांडा साध्या पाण्याने धुऊन पुसावा, नाहीतर ॲक्सलची टोकं गंजून चाक निघेनासं होतं.

शहर सोडून जाणाऱ्यांकडून वापरलेली ट्रॉली स्वस्तात मिळते, आणि चांगली निघाली तर नव्या हलक्या ट्रॉलीपेक्षा ती केव्हाही बरी. बघायला जाताना पाण्याच्या सहा मोठ्या बाटल्या, म्हणजे ९ किलोच्या आसपास वजन, बरोबर न्या किंवा तिथेच मागून घ्या. बाटल्या तळाला भरा आणि फुटपाथवर पन्नास पावलं ओढा. मागून दुसऱ्याला बघायला सांगा: चाकं सरळ चालतायत की आठच्या आकड्यासारखी डुलतायत? मग एकच कड चढवा, एकच उतरवा. मूठ धरून चाक पायाने आत-बाहेर हलवून बघा. २-३ मिमी हललं तर चालेल, बोटभर हललं तर चाक बदलावं लागणार, तेवढी किंमत कमी करून घ्या. पिशवी उलटी करून आतला लेप बघा: तो पापुद्र्यासारखा निघत असेल तर पिशवी पाणी अडवणार नाही, पण फ्रेम आणि चाकं ठीक असतील तर तेवढ्यासाठी सौदा सोडू नका.